कॉम्प्युटरवर आर्ते लावलं की फ्रेंचच ऐकू येतं, जर्मन कायमचं कसं करायचं?

म्युनिककर:
नमस्कार मंडळी. आम्ही म्युनिकला राहतो, टीव्ही घेतलेला नाही, बिल्डिंगच्या डिशची वायर यूएसबी ट्यूनरला लावून लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये चॅनल बघतो. चित्र झकास येतं पण आर्ते लावलं की फ्रेंच सुरू. माझी जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा तोंडावर आलीय, रोज थोडं जर्मन कानावर पडावं म्हणून तर हा खटाटोप. मेनूतून भाषा बदलता येते पण चॅनल बदलून परत आलं की ये रे माझ्या मागल्या. दुसरं म्हणजे रविवारी सव्वाआठच्या क्राइम सिरीयलमध्ये मधेच एक बाई "तो दार उघडतो, खिशातून किल्ली काढतो" असं सांगत बसते. ट्यूनर गेलाय का? नवा घेऊ का?

जुनी_डिश:
अजिबात घेऊ नका, ट्यूनर ठणठणीत आहे. आर्ते हा 1992 पासून चालणारा जर्मन-फ्रेंच चॅनल, त्यामुळे एकाच चित्राबरोबर दोन्ही भाषांचे ऑडिओ ट्रॅक येतात, कधी मूळ भाषेचा वेगळा ट्रॅक पण असतो. प्रत्येक ट्रॅकला तीन अक्षरी भाषेचा कोड चिकटवलेला असतो आणि तुम्ही पसंती सांगितली नसेल तर प्लेयर त्याच्या मनाने एक उचलतो. मेनूतून बदललेलं फक्त तेवढ्यापुरतं, म्हणून परत परत तेच होतंय.
टूल्समध्ये प्रेफरन्सेस उघडा, ऑडिओच्या टॅबवर खाली प्रिफर्ड ऑडिओ लँग्वेजचा रकाना आहे, तिथे डी ई यू, मग स्वल्पविराम, मग जी ई आर असं इंग्रजी लिपीत स्मॉल अक्षरांत टाका. जर्मनला हे दोन्ही कोड चालतात, कुठे हा असतो कुठे तो, म्हणून दोन्ही द्यायचे. सेव्ह करून व्हीएलसी पूर्ण बंद करा आणि परत चालू करा, हे विसरू नका. घाईत असाल तेव्हा कीबोर्डवरचं बी दाबलं की पुढचा ट्रॅक येतो.

स्टुटगार्टची_सून:
ती बाई म्हणजे ऑडिओ डिस्क्रिप्शन, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडद्यावर काय चाललंय ते सांगणारा ट्रॅक, फार मोलाची सोय आहे ती. ट्रॅकच्या यादीत साध्या जर्मनवर टिक करा, बाई जाईल. पण खरं सांगू, परीक्षेआधी महिनाभर तोच ट्रॅक मुद्दाम ऐका. उघडणं, वळणं, उचलणं असली रोजची क्रियापदं समोर घडताना ऐकू येतात, मला क्लासपेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला.
आणि व्हीएलसीऐवजी कोडी नावाचा प्लेयर वापरणारं कोणी असेल तर तिथे सेटिंग्जमध्ये प्लेयर, मग लँग्वेजमध्ये जर्मन निवडायचं, आणि दृष्टिहीनांसाठीचा ऑडिओ आधी लावा असा एक पर्याय अ‍ॅक्सेसिबिलिटीत आहे तो चालू आहे का बंद ते पण बघायचं.

केबलवाला_दादा:
यात एक राहिलं. कधी कधी यादीत ट्रॅक एकच दिसतो पण डाव्या स्पीकरला एक भाषा आणि उजव्याला दुसरी असा कालवा असतो, जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तर हमखास. तेव्हा भाषेचं सेटिंग कितीही बदला उपयोग नाही, ऑडिओ मेनूत स्टिरिओ मोडला जाऊन फक्त लेफ्ट किंवा फक्त राइट करायचं. काम झालं की परत स्टिरिओवर आणा, नाहीतर गाणी एकाच बाजूची ऐकू येतील.

म्युनिककर:
दोन्ही कोड टाकले, झालं! चार चॅनल फिरून परत आर्तेवर आलो तरी जर्मनच. ताई, रविवारी बाईंचा ट्रॅक मुद्दाम लावणार आहे, बायको पण बसतेय वही घेऊन. सगळ्यांचे मनापासून आभार.