यवतेश्वर राइड: गट लहान ठेवा
साताऱ्याहून यवतेश्वर घाटात जाणाऱ्या आपल्या सायकल राइडला पन्नास जणांनी शहरातल्या राजवाड्यावरून एकदमच निघावं, असं एकाने सुचवलंय. कृपया नको. एवढी लांब रांग ओलांडताना गाडीवाला मध्येच अडकतो आणि समोरून एसटी आली की गाडी सायकलींच्या अंगावर घालतो. आठ-आठचे गट करा, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडा. पुढे घाटरस्त्यावर एकेरी रांगच.

खरी काळजी उतारावर. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, रबरी पॅड घासून थांबवणारा) सतत दाबून धरला तर रिम तापते, पॅडचं रबर गुळगुळीत होतं आणि ऐन वळणावर पकड जाते. वळणाआधीच दोन्ही ब्रेक लावून वेग उतरवा, वळणात सोडा. पॅडच्या खाचा बुजल्या असतील तर आदल्या दिवशीच बदला, मुलांच्या सायकलींचे तर आवर्जून बघा. प्रत्येक गटात शेवटी जाणत्याला ठेवा. पंप, ट्यूब त्याच्याकडेच. शहरात उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब राहा, दार कधीही उघडतं.