एका डोळ्यापुढे अंधार आला तर : आपल्या ग्रुपवरची कालची आणि आजची चर्चा

फ्लॅट ३०२, सकाळी ११.१०
नमस्कार. काल संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना ह्यांच्या उजव्या डोळ्यापुढे वरून पडदा सोडावा तसा अंधार उतरला आणि पाच-सात मिनिटांनी आपोआप ओसरला. मी इथे विचारले तेव्हा ‘डोळ्यांवर थंड पाणी मारा, चष्म्याचा नंबर बदलला असेल’ असे उत्तर आले आणि आम्ही निर्धास्त झोपलो. आज नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) तपासले, चष्म्याचा विषयही काढला नाही, आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) व मेंदूचा एमआरआय आजच करायला सांगितला. कुणाला दोष द्यायचा नाही, पण एक रात्र हातची गेली याची सल आहे.

फ्लॅट १०४, ११.१८
वहिनी, ते मी लिहिले होते आणि काळजीपोटीच लिहिले होते. तरी विचारतो, डोळा काही मिनिटांत पूर्ववत झाला असताना मेंदूची तपासणी कशासाठी?

फ्लॅट २०१, ११.२०
थंड पाण्याचा तो संदेश कृपया काढून टाकावा. उद्या दुसरे कुणी वाचून तेच करेल.

फ्लॅट ४०१, ११.४१
मी शरीररचनाशास्त्र शिकवले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मेंदूला रक्त नेणारी मानेतली आतली कॅरोटिड धमनी कवटीत शिरल्यावर डोळ्याकडे एक शाखा देते आणि त्या शाखेतून निघालेली बारीक धमनी दृष्टिपटलाला रक्त पुरवते. मानेत साचलेल्या चरबीच्या थराचा कण सुटला, तर तो डोळ्यात जाईल की मेंदूत जाऊन अर्धांग घडवेल, हा केवळ वाटेचा प्रश्न असतो. काल तो डोळ्याकडे गेला असावा आणि पुढे सरकला म्हणून दिसू लागले. शिवाय गर्भात दृष्टिपटल मेंदूच्याच भागातून वाढते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्यात पाहण्याचे उपकरण जगापुढे आणले, तेव्हापासून शरीर न चिरता जिवंत रक्तवाहिन्या पाहता येतात. केशरी वर्तुळावर या वाहिन्यांच्या फांद्या फुटलेल्या दिसतात. रक्तदाब बरीच वर्षे चढा असेल तर धमनी जिथे नीलेला (रक्त परत नेणाऱ्या वाहिनीला) ओलांडते तिथे नीला चिमटल्यासारखी दिसते, आणि एखाद्या फाट्यावर कोलेस्टेरॉलचा चकाकणारा पिवळा कण अडकलेला सापडतो. मात्र दृष्टिपटल स्वच्छ दिसले म्हणजे मेंदू निर्धोक आहे, असे समजू नये.

फ्लॅट २०३, ११.४६
गणपतीत आप्पांना भोवळ आली तेव्हाही ‘उपवासामुळे असेल’ असाच निकाल याच ग्रुपवर लागला होता.

फ्लॅट १०४, ११.४८
तो विषय सभेत मिटला आहे. तो पुन्हा उकरून काढण्याचे प्रयोजन मला समजले नाही.

फ्लॅट ५०२, ११.५५
काकू, मला अर्धशिशीत डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसते. तीही याच प्रकारची का?

फ्लॅट ४०१, १२.०४
बहुधा नाही. अर्धशिशीतली चमक हळूहळू पसरते, बहुतेकदा वीस-तीस मिनिटे टिकते आणि एक डोळा झाकला तरी दुसऱ्याने दिसते. पण प्रथमच असे घडले, तर ते कोणते हे आपण घरी ठरवू नये. एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली आणि परत आली, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण अर्धांगाचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. ती परतच आली नाही, तर दुखत नसले तरी लगेच १०८ ला फोन करावा.

फ्लॅट २०१, १२.०७
थंड पाण्याचा संदेश अजून तिथेच आहे.

फ्लॅट १०४, १२.१५
काढला आहे. वहिनी, मला माहीत नव्हते तर मी गप्प बसायला हवे होते. क्षमा करा.

फ्लॅट ३०२, दुपारी ३.३०
डॉपलरमध्ये उजव्या बाजूची धमनी बरीच अरुंद झालेली दिसली. ह्यांना दाखल करून घेतले आहे. घराची किल्ली ४०१ मध्ये आहे. रक्तदाबाच्या गोळ्या आणि जुने कागद फ्रीजवरच्या निळ्या डब्यात आहेत, ते कुणी आणून दिले तर बरे होईल.

फ्लॅट १०४, ३.३१
डबा घेऊन निघतो आहे.