स्टीलची निब दिसली म्हणून पेन बाद करू नका

"जुन्या इटालियन फाउंटन पेनाला स्टीलची निब असेल तर ती नंतर कुणीतरी बदललेली," असं काही जण म्हणतात. १९२० च्या दशकातल्या महागड्या, सोन्याच्या निबेच्या पेनांबाबत ठीक आहे, पण १९३५ नंतरच्या दहाएक वर्षांना हा नियम लावाल तर अस्सल पेन हातचं जाईल. इथिओपियावरच्या आक्रमणामुळे राष्ट्रसंघाने नोव्हेंबर १९३५ मध्ये इटलीवर निर्बंध लादले. पुढच्याच महिन्यात मुसोलिनीच्या राजवटीने बायकांच्या लग्नाच्या अंगठ्यासुद्धा देशासाठी मागून घेतल्या. तिथे निबांसाठी सोनं कुठलं उरणार? नावाजलेल्या कारखान्यांनीही स्टीलच्या निबा बसवल्या, आणि कित्येक निबांवर 'पर्मानियो' असं कोरलेलं सापडतं. अशी निब बघून मला तर आनंदच होतो. उलट १९४० च्या आसपासच्या पेनावर सोन्याची निब असली, की ती नंतर बसवलेली नाही ना, हे मी आधी तपासतो.

आणखी एक. सोनेरी कवच असलेल्या पेनांवर '१८ केआर' असा शिक्का दिसला की विकणारे सर्रास "१८ कॅरट सोनं" सांगतात. तो भरीव सोन्याचा शिक्का नाही, वर चढवलेल्या सोन्याच्या पातळ थराचा आहे. भिंग घेऊन क्लिपचं टोक जिथे टोपणाला टेकतं ती जागा बघा. माझ्याकडच्या एका बिननावाच्या पेनावर नेमका तिथेच थर झिजून खालचा फिकट धातू उघडा पडलाय. पेन सुंदरच आहे, फक्त किंमत सोन्याच्या वजनावर ठरवू नका.