सशाच्या औषधांबद्दल डॉक्टरांना नेमकं काय विचारावं? मदत हवी आहे

चिकूची_आये, फोंडा

नमस्कार मंडळी. गाई-म्हशींचे आणि कुत्र्या-मांजरांचे धागे इथे पुष्कळ आहेत. सशांवर शोधून फारसं काही मिळालं नाही, म्हणून नवीन धागा काढतेय.

आमचा चिकू तपकिरी ससा आहे, वजन पावणेदोन किलो. भुसारी दुकानाच्या काट्यावर पिशवीत बसवून केलंय, त्यामुळे थोडं इकडेतिकडे धरा. पाऊस लागल्यापासून शिंकतोय. आधी वाटलं गवताची धूळ असेल. आता नाकातून पांढरं, चिकट येतं आणि पुढच्या दोन्ही पंजांच्या आतल्या बाजूची लव चिकटून कडक झाली आहे, कारण नाक सारखं पंजांनीच पुसतो. उजव्या कानात खोलवर पिवळसर खपली दिसते. खाणं चालू आहे, लेंड्याही गोल आणि सुक्या.

जवळच्या पशुवैद्यांना दाखवलं. माणूस सज्जन. स्वतःच म्हणाले, "माझ्याकडे दिवसभर गुरं आणि कुत्रे, ससा वर्षातून एखादा." चिठ्ठीवर तीन गोष्टी आहेत: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं लहान मुलांचं सिरप, कुत्र्यांचे कानात घालायचे थेंब आणि दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम. फार्मसीवाला म्हणाला, "बाये, हें भुरग्यांक दितात, सशाक कितें जातलें?" पण पुण्याच्या माझ्या नणंदेकडे ससे आहेत, ती फोनवर ओरडलीच की ते सिरप तोंडातून देऊ नकोस. त्यामुळे बाटलीतली पावडर अजून कोरडीच आहे, पाणी घातलेलं नाही.

आता डॉक्टरांना परत फोन करायचाय. गुगल वाचून आलेली बाई असं त्यांना वाटू नये आणि विचारायचं ते राहूनही जाऊ नये. नणंद म्हणते ते खरं का? कानाचे थेंब चालतील का? मेलॉक्सिकॅम कुत्र्याच्या बाटलीतलंच द्यायचं असतं का? जाणकारांनी कृपया सांगा. चवथ तोंडावर आलीय, घर पाहुण्यांनी भरेल, त्याआधी हे मार्गी लागलं तर बरं.

मडगावचो_ससेवाला

ताई, पावडर कोरडीच राहू दे. तुमच्या नणंदेला माझ्यातर्फे नमस्कार सांगा.

डॉक्टरांना एकच प्रश्न सरळ विचारा: "हे औषध सशाला तोंडावाटे चालतं का, तेवढं एकदा पुस्तकात बघाल का?" पुस्तकात बघा म्हटलं की कोणालाच राग येत नाही. आमच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर फॉर्म्युलरी काढून पान उघडलं, तेव्हापासून मी दुसरीकडे जात नाही.

पेडण्याचो_बाबू

एवढं काय त्यात. कानात कोमट खोबरेल आणि कापूर घाला, खपली सुटते. आणि कुत्र्यांना गोचिडीसाठी मारतात तो स्प्रे थोडासा अंगावर मारा, किडे असतील तर मरतील. आमच्या टॉमीला दर पावसाळ्यात तेच करतो, ठणठणीत आहे.

गुरांचा_डॉक्टर

मी सिंधुदुर्गातला पशुवैद्य. नोकरी गुरांत गेली, पण घरात मुलींनी ससे पाळले म्हणून हा विषय शिकावा लागला. बाबू यांचा प्रतिसाद वाचून हातातलं काम टाकून लिहितोय, कारण आधी तेच थांबवायला हवं.

कुत्र्यांच्या गोचिडीच्या बऱ्याच स्प्रेमध्ये आणि थेंबांमध्ये फिप्रोनिल असतं. टॉमीला ते चालतं, सशाला चालत नाही. झटके येऊन ससे मेले आहेत. बाटलीवर ते नाव दिसलं तर ससा त्या खोलीतही नको. कापूरही नको, अंग चाटून तो पोटात जातो. कानातल्या खरजेच्या किड्यांवर सशात आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन वापरतात, ते डॉक्टर वजनावरून देतात आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं. खपली ओढून काढू नका. खाली कातडी सोलवटलेली असते, ससा ओरडेल. किडे मेले की ती आपोआप गळते.

आता सिरप. ताई, नणंदबाई शंभर टक्के बरोबर आहेत. सशाचं बरंचसं पचन त्याच्या अंधनाळेत, म्हणजे सीकममध्ये होतं. तिथे जंतूंची मोठी वसाहत असते, तीच गवत आंबवून त्याला पोसते. अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही तोंडावाटे गेली की त्या वसाहतीतले उपयोगी जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम या घातक जंतूचं फावतं. त्याचं विष रक्तात उतरतं, पातळ जुलाब लागतात आणि ससा दगावतो. लगेचच होतं असंही नाही. औषध बंद केल्यावर काही दिवसांनी जुलाब लागले की लोक म्हणतात, कोबी बाधला. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड जोडल्याने धोका कमी होत नाही.

गंमत म्हणजे अमॉक्सिसिलिनच्याच कुळातल्या पेनिसिलिनचं इंजेक्शन कातडीखाली दिलेलं सशाला चालतं, गळवांसाठी वापरतातही. म्हणून "पेनिसिलिन चालतं का?" एवढंच विचारलंत तर "चालतं" असं उत्तर मिळेल आणि ते खरंही असेल. कोणत्या वाटेने, ते विचारा.

तोंडावाटे त्यातल्या त्यात निर्धास्तपणे वापरतात ती प्रतिजैविकं म्हणजे एन्रोफ्लॉक्सॅसिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, काही आजारांत मेट्रोनिडॅझोल. एन्रोफ्लॉक्सॅसिनचं इंजेक्शन वारंवार दिलं तर त्या जागी कातडी सडते, गाठ होते. त्यामुळे "तोंडाने देता येईल का" हा प्रश्न तिथेही आहेच.

कानाचे थेंब: बाटलीवरची बारीक अक्षरं मोबाइलने मोठी करून वाचा. आपल्याकडचे निम्मे थेंब आणि मलमं तीन-तीन, चार-चार औषधांची खिचडी असतात, त्यात बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, डेक्सामेथासोन यांपैकी एखादं दडलेलं असतं. ही स्टेरॉइड्स. ससा त्यांना फार नाजूक, लावलेलं औषध कातडीतून शोषूनही प्रतिकारशक्ती खाली येते. शिंकणाऱ्या सशात पास्चुरेला हा जंतू आधीच नाकात टपून बसलेला असण्याची शक्यता मोठी, त्याला मोकळं रान कशाला द्या? डोळ्यांच्या थेंबांनाही हेच लागू.

मेलॉक्सिकॅमबद्दल उलटी गोष्ट आहे. सशाचं शरीर ते लवकर बाहेर टाकतं, म्हणून किलोमागे सशाला कुत्र्यापेक्षा बराच जास्त डोस लागतो. नेटवर कुत्र्याचा डोस बघून "डॉक्टरांनी चुकून जास्त लिहिलं" म्हणून घरीच अर्धा करणारे मी पाहिलेत. बिचारा ससा दुखण्याने खाणं सोडतो आणि मग पोट थांबतं. मात्र खाणंपिणं सुटलेल्या, अंगातलं पाणी कमी झालेल्या सशाला ते देण्याआधी डॉक्टरांना कळवायचं, मूत्रपिंडाला त्रास होतो. आणि नावापुढे "प्लस" असेल तर आत पॅरासिटामॉलही असू शकतं, तेही विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं: डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या, नुसता मिलिलिटरमध्ये नको. समजा डॉक्टरांनी किलोला अर्धा मिलिग्रॅम ठरवला (हे हिशेबापुरतं, चिकूचा आकडा तेच ठरवतील). पावणेदोन किलोला झाले पाऊण मिलिग्रॅमच्या थोडे वर, ०.८७५. मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅमच्या बाटलीतून ते साधारण ०.६ मिलि, ०.५ च्या बाटलीतून १.७५ मिलि आणि गुरांच्या ५ च्या इंजेक्शनमधून जेमतेम ०.१७. फार्मसीत पहिली बाटली नसली म्हणून दुसरी दिली आणि मिलिलिटर तेच ठेवले, की तिप्पट किंवा त्याहूनही जास्त फरक पडतो. चमचा, बुचण वापरूच नका, इन्सुलिनची नको, साधी १ मिलिची सिरिंज सुई काढून घ्या.

चिकूची_आये, फोंडा

डॉक्टर, खूप खूप आभार. प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. तुम्ही सांगितलेलं समोर ठेवून आज फोन केला. काही रागबिग नाही. अमॉक्सिसिलिनचं विचारल्यावर दोन मिनिटं थांबा म्हणाले, मग परत फोन करून म्हणाले, ते काढून टाका, एन्रोफ्लॉक्सॅसिन देऊ, उद्या आणा, दातही बघतो. थेंबांच्या बाटलीवर बेक्लोमेथासोन निघालंच! ते मी वाचून दाखवल्यावर हसले, म्हणाले तुम्ही माझी परीक्षा घेताय.

पण एक: औषध कडू आहे म्हणतात. पिण्याच्या पाण्यात टाकलं तर?

मडगावचो_ससेवाला

पाण्यात अजिबात नको. कडू लागलं की पाणीच सोडतो, आणि किती पोटात गेलं ते देवालाच ठाऊक. पंच्यात गुंडाळायचा, कान आणि तोंड बाहेर. मांडीवर नाही, जमिनीवर बसून गुडघ्यांमध्ये धरायचा. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बाजूने मोकळी फट असते, तिथून सिरिंज आत आणि थेंब थेंब. एकदम दाबलं तर फुप्फुसात जातं. उताणा करायचा नाही. वर चिमूटभर कुसकरलेलं केळं, लाच म्हणून. आमच्याकडे सालदाट्टी केळी चालतात, पण लाच म्हणजे लाच, जेवण नव्हे.

ताळगावची_मीरा

मध्येच घुसतेय, पण विषय तोच. आमच्या मादीचं गर्भाशय काढायचंय. दवाखान्यातून सांगितलं, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा. हे बरोबर?

गुरांचा_डॉक्टर

नाही. कुत्र्या-मांजराला उपाशी ठेवतात कारण भुलीत उलटी होऊन ती श्वासात जाते. सशाला उलटी करताच येत नाही. उलट रात्रभर पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात, आणि शस्त्रक्रियेनंतरचं निम्मं संकट तेच असतं. गवत शेवटपर्यंत समोर असू द्या, सोबत डबाभर घेऊन जा, शुद्धीवर आल्यावर लगेच खाल्लं पाहिजे. त्यांना विचारा: ससे नेहमी करता का, वेदनाशामक कोणतं आणि घरी किती दिवस, भुलीत अंग गरम कसं ठेवता.

आणखी एक जाता जाता. पुष्कळ सशांच्या रक्तात ॲट्रोपिन (भुलीत हृदयाचे ठोके मंदावू नयेत म्हणून देतात ते औषध) फोडणारं एन्झाइम असतं, दिलेलं ॲट्रोपिन टिकतच नाही, म्हणून भुलीत ग्लायकोपायरोलेट वापरतात. डॉक्टरांना हे माहीत असेल तर समजा माणूस सशांत रमलेला आहे. (धोतऱ्यात ॲट्रोपिन असतं, म्हणून चिकूला धोतरा खाऊ घालून बघू नका रे कोणी.)

पेडण्याचो_बाबू

स्प्रेचं मागे घेतो. डॉक्टर, टॉमी आणि ससा एकाच घरात असले तर मग टॉमीलाही मारायचा नाही?

गुरांचा_डॉक्टर

टॉमीला मारा, पण बाहेर, आणि पूर्ण वाळेपर्यंत सशाला त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. ससा त्याला चाटत असेल तर टॉमीसाठी दुसरं औषध विचारून घ्या.

चिकूची_आये, फोंडा

आज दाखवून आणलं. दाढा ठीक आहेत. नाकातला स्वॅब घेतलाय, तो पुढे पाठवणार. कानासाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. चिठ्ठीवर सगळं मिलिग्रॅममध्ये, कंसात मिलि. संध्याकाळचा पहिला डोस निम्मा माझ्या ड्रेसवर, निम्मा चिकूच्या पोटात.

आता शेवटचं. त्या सांडलेल्याच्या जागी परत द्यायचं का? आणि लेंड्यांवर लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय बघायचं?

गुरांचा_डॉक्टर

सांडलं ते सांडलं, अंदाजाने भर घालू नका, पुढचा डोस वेळेवर द्या. लेंड्या लहान, कोरड्या, कमी झाल्या तर त्याच दिवशी फोन. खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद होऊन बारा तास होण्याची वाटच बघू नका, ती आणीबाणी आहे. पोट फुगून टणक लागत असेल तर घरात जबरदस्तीने भरवूही नका, आधी तपासणी. पहाटे मिळणारे मऊ, चकचकीत घड जुलाब नव्हेत, ते तो स्वतः परत खातो. पाण्यासारखं, वास मारणारं काही दिसलं तर औषध थांबवून रात्रीही डॉक्टरांना उठवायचं. लघवी मात्र कधी तांबडी दिसली तर लगेच घाबरू नका, पाल्यातल्या रंगानेही तशी होते, पण कुंथत असेल किंवा गाठी दिसल्या तर दाखवा.

आणि स्वॅबचा निकाल येईपर्यंत शिंका थांबल्या म्हणून औषध बंद करू नका. नाकाचं दुखणं सशात आठवड्यांवर जातं. किती दिवस द्यायचं ते आजच लिहून घेतलंत ना?

चिकूची_आये, फोंडा

तेच राहिलं. उद्या सकाळी विचारते.