म्हणतात स्टीलचं हवं, घरी प्लास्टिकचं: पुण्यात लोकांना नेमकं कसं विचारावं? (सल्ला हवा)

नवी_मुलगी
नमस्कार. मी प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. किटली, मिक्सर, पाण्याचा फिल्टर अशा उपकरणांत प्लास्टिकऐवजी स्टील, काच, तांबं वापरलं तर पुण्यातल्या लोकांना काय वाटतं, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. गूगल फॉर्म करून सोसायटीच्या आणि कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ‘प्लास्टिकमुक्त उपकरण घ्यायला आवडेल का?’ याला जवळजवळ सगळ्यांनी हो म्हटलं. ‘थोडे जास्त पैसे द्याल का?’ यालाही हो. मग त्यातल्याच एका काकूंकडे गेले, तर ओट्यावर नवीकोरी प्लास्टिकची किटली. काकू खोटं बोलल्या असं मला अजिबात वाटत नाही. माझ्या विचारण्यातच काहीतरी चुकतंय. हातात दीड महिना आहे. काय करू?

आकडेमोड
पहिला प्रश्न काढूनच टाक. त्याला नाही म्हणणारा माणूस वाईट दिसतो, मग कोण नाही म्हणेल? आणि ‘थोडे जास्त’ म्हणजे किती, ते ज्याने त्याने आपापलं ठरवलं.

त्यापेक्षा निवड करायला लाव. चार गोष्टी घे: आतलं भांडं कशाचं, किंमत, वॉरंटी, वजन. प्रत्येकीचे तीन पर्याय धरले तर ८१ जोड्या होतात, एवढ्या कोणी बघणार नाही. नीट मांडणी केली तर ९ कार्डांत भागतं. समोरच्याला ती पसंतीच्या क्रमाने लावायला सांगायचं. यालाच कॉन्जॉइंट म्हणतात. मात्र ९ कार्डांतून प्रत्येक गोष्टीचं वेगवेगळं महत्त्व कळतं. किंमत चढली की स्टीलची ओढ किती उतरते, हे त्यातून सुटं काढता येत नाही. ते हवं असेल तर कार्डं वाढवावी लागतील.

९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक म्हणून ३८४ जणांना विचारायचं, हा आकडा प्रत्येक प्रबंधात दिसतो. तो चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यासाठी आहे. एकमेकांच्या ओळखीतले ३८४ जण गोळा करून ती खात्री मिळत नाही. मी असते तर पेठेतले वाडे, सिंहगड रोडचे फ्लॅट, हडपसर, येरवडा अशी मिळून चाळीस घरं गाठली असती, आणि निकालात टक्केवारी लिहिली नसती.

पाना_पक्कड
ताई, आमचं मिक्सर-गिझर दुरुस्तीचं दुकान आहे नाना पेठेत, वडिलांपासून. लोक धातू का टाळतात, तर पहिलं कारण शॉक. लोखंडी कूलरने ज्याला एकदा झटका दिलाय तो धातूच्या बॉडीला हात लावताना आजही बिचकतो. अशा बॉडीला अर्थिंग लागतं, म्हणून तीन पिनांचा प्लग. जुन्या वाड्यांत बोर्डाला तिसरं भोक असतं, पण कित्येकदा मागे वायरच जोडलेली नसते. प्लास्टिक बॉडीच्या बऱ्याच वस्तूंना दुहेरी इन्सुलेशन असतं, त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण बघा. तेव्हा ‘धातूची भीती वाटते का’ हे विचारा आणि त्या घरात अर्थिंग आहे का हेही नोंदवा.

दुसरं, सगळंच प्लास्टिक काढता येत नाही. मिक्सरचा कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा भाग, मुद्दाम मऊ ठेवतात. पातं अडकलं की कपलर झिजतो किंवा तुटतो, मोटर वाचते. वायरवरचं पीव्हीसी कुठे नेणार? म्हणून ‘प्लास्टिकमुक्त’ हा शब्द वापरूच नका. गिऱ्हाईक काय विचारतं माहितीये? “दादा, आतून पूर्ण स्टील आहे ना? झाकणसुद्धा?” किटलीचं पोट स्टीलचं, पण झाकणाची आतली बाजू आणि पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी प्लास्टिकची, हे अनेकांना घरी नेल्यावर दिसतं आणि ते चिडतात. खरा प्रश्न तिथे आहे.

सहकारनगरची_आजी
बाळा, आमच्याकडे तांब्याचा बंब होता, घंगाळ होतं, पितळेची पातेली होती. तांबट आळीतली भांडी आता लोक दिवाणखान्यात मांडतात, छानच दिसतात. आम्ही ती रोज चिंच लावून घासली. पितळेला कल्हई करून घ्यायची, कल्हईवाला आला नाही तर ताक-आमटी त्यात ठेवायची सोय नाही. भरलेली पितळी बादली उचलून बघ एकदा. प्लास्टिकची बादली आली तेव्हा माझ्या मनगटांना आराम मिळाला, हे मी विसरणार नाही. माझ्या वयाच्या बाईने प्लास्टिक निवडलं तर तिला पर्यावरणाचं काही पडलेलं नाही असं लिहू नकोस. तिला विचार, हे घासणार कोण, उचलणार कोण? आणि ज्यांच्याकडे कामाला मावशी आहेत तिथे मावशींना वेगळं विचार, घरातल्या बाईंसमोर नाही. विकत एक घेते, हाताळते दुसरीच.

नवी_मुलगी
आजी, ‘घासणार कोण’ हे माझ्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हतं. मावशींचा तर विचारच केला नव्हता, आता करते. कार्डांबरोबर दाखवायला खऱ्या वस्तू कुठून आणू? चुंबक लावून चांगलं स्टील ओळखता येतं ना?

भट्टीवाला
चुंबकाने फसाल. ३०४ आणि २०२ या स्टीलच्या प्रती. चुंबक ३०४ ला सहसा चिकटत नाही, तसं २०२ लाही नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, ते स्वस्त पडतं, पण मिठाच्या पाण्यात लवकर डागाळतं. ग्राहकाच्या लेखी दोन्ही ‘स्टील’. कार्डावर नुसतं ‘स्टील’ लिहिलंत तर प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं भांडं येणार. वस्तू हातात द्या. रविवार पेठेत बोहरी आळीत सुटी भांडी आणि झाकणं मिळतात, सकाळी गर्दी व्हायच्या आत जा.

ओला_सुका
मोडल्यावर वस्तू कुठे जाते हेही बघा. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंशी बोला. मोटरमधल्या तांब्याला आणि स्टीलला लगेच गिऱ्हाईक असतं, वेगवेगळं प्लास्टिक चिकटवलेल्या बॉडीला नाही. ‘भंगारात काय येईल’ हा हिशोब पुष्कळ घरांत खरेदीच्या वेळीच होतो.

नवी_मुलगी
सगळ्यांचे मनापासून आभार. फॉर्म बंद केला. आता सुरुवात अशी करते: “गेल्या वर्षभरात घेतलेलं एक उपकरण दाखवाल का? दुकानात आणखी कोणतं बघितलं होतं? ते का ठेवून दिलं?” मग कार्डं, शेवटी धुण्या-उचलण्याचे प्रश्न. मावशींशी बोलणं वेगळ्या वेळी, त्यांच्या सोयीने. येरवडा आणि हडपसर भागात माझी ओळख नाही. तिथल्या कोणाच्या घरी अर्धा तास ओट्यापाशी बसू दिलंत तर कृपया निरोप पाठवा, रविवारीसुद्धा येईन.