‘ऋण चढ’ म्हणजे उतारच की!

दहावीच्या भूमितीत ‘रेषेचा चढ’ आहे. (2, 3) आणि (6, 11) हे बिंदू घेतले: 11 वजा 3 म्हणजे 8, 6 वजा 2 म्हणजे 4, वर 8, खाली 4, भागाकार म्हणजे चढ 2. इथवर पोरगी खूश. पुढं (1, 7) आणि (4, 1) आले, उत्तर उणे 2. “पप्पा, रेषा खाली चाललीय, मग चढ कसला? सरळ उतार म्हणा की.” मला काही सुचलं नाही. पुस्तकानं ‘उतार’ का घेतला नसावा?

— दादा, उतार म्हणाल तर कुणाचा? ज्योतिबाला जाताना जी चढण, तोच येताना उतार. बोलताना आपण चालणाऱ्याचं तोंड कुठं आहे ते बघतो, गणित बघत नाही. बिंदूंची अदलाबदल करा: 7 वजा 1 म्हणजे 6, 1 वजा 4 म्हणजे उणे 3. भागाकार परत उणे 2! डावीकडून उजवीकडं बघत गेलं की रेषा वर जाते का खाली, त्यावर चिन्ह ठरतं. फक्त वरची वजाबाकी एका क्रमानं आणि खालची उलट्या, असं करू नका. निम्मे मार्क तिथंच जातात.

— आमच्याकडं गवंडी ‘ढाळ’ म्हणतो. चढ नाही, उतार नाही. मोरीची फरशी घालताना दहा फुटांना दोन इंच ठरलं होतं, म्हणजे 120 इंचांत 2, साठास एक. काम झाल्यावर बादली ओतली, तर पाणी जाळीकडं जायचं सोडून उंबऱ्याकडं. ढाळ मापात बरोबर, चिन्ह चुकलेलं! परत उकरलं सगळं.

— भारी. त्याच गवंड्याच्या पिशवीत अजून दोन उदाहरणं आहेत. पाणसळीला (सपाटी तपासायचं साधन) बसलेली आडवी रेघ, तिचा चढ शून्य. ओळंब्याची दोरी मात्र उभी: तिच्यावरच्या कुठल्याही दोन बिंदूंचा क्ष निर्देशक (कंसातला पहिला आकडा) एकच, छेदात शून्य, चढ सांगताच येत नाही. माझ्या वर्गातली पोरं दोन्हीला ‘चढ नाही’ लिहून मोकळी होतात.

— वाचून दाखवलं तिला. आता विचारतीय, ‘उणे चढ’ म्हणायचं का ‘ऋण चढ’?

— आकडा वाचताना ‘उणे दोन’, रेषेबद्दल बोलताना ‘ऋण चढ’. ‘उणा चढ’ मात्र कुणी म्हणत नाही.