लेपर्ड गेको: तुम्हा दोघांना हे वेड कसं लागलं? आणि पिल्लं काढावीत का?

शलाका

नमस्कार मंडळी. आमच्याकडे लेपर्ड गेकोची (ही पाळली जाणारी ठिपकेदार पाल) एक मादी आहे, वय वर्षाच्या आसपास. आणली नवऱ्याने, पण आता तिला रातकिडे घालायचं काम मी कुणाला करू देत नाही. नवऱ्याचं म्हणणं, एक नर आणू आणि पिल्लं काढून बघू. मलाही ओढ आहे, पण धास्तीही वाटते. इथली काही जोडपी बरीच वर्षं गेको वाढवतायत. तुम्ही दोघं यात कसे पडलात? एकाचं वेड दुसऱ्याला लागलं का? आणि पिल्लं काढण्याआधी काय काय ठरवून घेतलंत?

ऋजुता

शलाका, आमची दोघांची वेडं वेगळी आहेत आणि वेगवेगळ्या वाटेने आली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिली मादी आमच्याकडे आयती आली. ओळखीतले एकजण दुसरीकडे राहायला चालले होते, त्यांना तिला नेता येईना. मला पालींची किळस नव्हती, कौतुकही नव्हतं. मला ओढलं ते तिच्या डोळ्यांनी. बहुतेक गेकोंना हलत्या पापण्या नसतात, ते जिभेने डोळे पुसतात. लेपर्ड गेकोला पापण्या असतात. ती डोळे मिटून झोपते, जाग आली की एकच डोळा किलकिला करून अंदाज घेते. भक्ष्यावर झेप घ्यायच्या आधी शेपटीचं टोक थरथरतं. विष्ठा कायम ठरलेल्या एकाच कोपऱ्यात. रोज रात्री दिवा मंद करून मी तिच्यासमोर बसायला लागले, आणि हळूहळू ती आज नेहमीसारखी आहे की नाही, हे मला बघताक्षणी कळायला लागलं. माझं वेड म्हणजे एवढंच: हे बघत बसणं. ते अजून तसंच आहे.

नवरा तोवर लांबच होता. मग तिच्या ओलसर डबीत दोन अंडी सापडली. नर नसतानाही माद्या अंडी घालतात. ती फलित नसतात, काही दिवसांत पिवळी पडून खचतात. असं का होतं हे बघायला तो वाचायला बसला आणि भलत्याच ठिकाणी अडकला. पिल्लू नर होणार की मादी, हे या जातीत अंडी किती तापमानाला उबवली त्यावर ठरतं! २६ ते २८ अंश सेल्सिअसला जवळपास सगळ्या माद्या, ३२-३३ च्या आसपास बहुतेक नर, आणि ३४-३५ पर्यंत नेलं तर पुन्हा बहुतेक माद्याच. तो यंत्रांच्या तापमान-नियंत्रणात काम करणारा माणूस. दोन-चार अंशांच्या फरकाने एक अख्खा जीव वेगळा घडतो, हे वाचून तो त्या रात्री झोपलाच नाही. त्यानंतर घरात थर्मोस्टॅट आले, नोंदवही आली, आणि आम्ही दोघं तिच्या काचेच्या एकाच टाकीसमोर बसायला लागलो.

पहिलं पिल्लू बाहेर येताना बघणं हे शब्दांत नीट सांगता येणार नाही, तरी प्रयत्न करते. अंडं मऊ, चामड्यासारखं असतं. घातल्यावर ते जसं पडलंय तसंच उचलायचं, उलटं करायचं नाही. गर्भ आतल्या बाजूला चिकटलेला असतो, अंडं फिरलं तर तो मरू शकतो. म्हणून वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करून मगच ओलसर परलाइटमध्ये (पाणी धरून ठेवणारे हलके पांढरे खडे) ठेवायचं. आठवडाभराने अंधारात टॉर्च लावली की फलित अंड्यात गुलाबी झाक आणि बारीक लाल शिरा दिसतात. त्या दिसल्या तेव्हा नवऱ्याने मला स्वयंपाकघरातून ओढत आणलं होतं. उबदार तापमानाला दीडेक महिना, थंड बाजूला दोन महिन्यांच्या वर वाट बघावी लागते. शेवटी अंड्यावर घामासारखे थेंब येतात, ते थोडं बसतं, मग कवचाला चीर पडून नाक बाहेर येतं आणि पिल्लू तसंच कितीतरी वेळ थांबून राहतं. त्या वेळी हात लावायचा नाही. पिल्लांवर पिवळे-काळे पट्टे असतात, ठिपके वयाबरोबर येतात. जेमतेम तीन ग्रॅमचा जीव, पण बोट जवळ नेलं तर पाय ताठ करून उभा राहतो आणि किंचाळतो. पहिली कात टाकेपर्यंत ती काही खात नाहीत, घाबरू नका.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नर आणायच्या आधी पिल्लं कुठे जाणार ते ठरवा. मादी एका वेळी दोनच अंडी घालते, पण एका हंगामात पाच-सहा वेळा, कधी त्याहून जास्त. आणि नीट सांभाळलेला गेको पंधरा-वीस वर्षं जगतो. घर मिळालं नाही त्या प्रत्येक पिल्लाला तुमच्याकडे वेगळी टाकी लागेल, कारण दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात. आम्ही म्हणून दर वर्षी थोडीच अंडी उबवतो.

दुसरं, नुसत्या रंगासाठी जोड्या लावू नका. लेमन फ्रॉस्ट म्हणून एक फार देखणी रंगछटा निघाली होती. ज्या जनुकीय बदलामुळे ती झळाळी येते त्यानेच त्वचेत गाठी होतात, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. एनिग्मा छटेच्या गेकोंचा तोल जातो, ते गोल गोल फिरतात, समोरचा किडा त्यांना पकडता येत नाही. असा जीव मुद्दाम जन्माला घालणं मला मान्य नाही. यावर इथे अनेकांशी वाद झालेत, तरी माझं मत तेच आहे.

रानवेल

ऋजुताताईंच्या शेवटच्या मुद्द्याला +१. आमच्या घरी बायकोचं वेड क्रेस्टेड गेकोचं. १८६६ मध्ये वर्णन झालेली ही न्यू कॅलेडोनियाची जात नामशेष झाली असं मानलं जात होतं, १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. आज कितीतरी घरांत तिची पैदास होते. लेपर्डची शेपटी तुटली तर नवी येते, हिची येत नाही, त्यामुळे हाताळताना जपावं लागतं.

अवांतर: नर कुठून आणताय ते बघा. जंगलातून पकडलेला नको. कोणती जात पाळता येते, परवाना लागतो का, हा तुमच्याकडचा कायदा आधी वाचा. टोके गेको तर २०१९ पासून साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये आहे, इतका त्याचा व्यापार झाला.

शलाका

दोघांचे आभार. नवऱ्यालाही वाचायला दिलं. लेमन फ्रॉस्टचं वाचून तो गप्प झाला, त्याने नेमका तोच रंग डोक्यात ठेवला होता. आज मादीचं वजन केलं, ४१ ग्रॅम. चालेल का?

ऋजुता

अजून नको. निदान ४५-५० ग्रॅम होऊ दे आणि शेपटी चांगली जाड दिसू दे, सगळा साठा तिथेच असतो. अंड्यांच्या कवचासाठी कॅल्शियम तिच्या हाडांतून ओढलं जातं. किड्यांवर कॅल्शियम आणि डी३ जीवनसत्त्वाची पूड नियमित नसेल तर जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा.

नर आणलात तरी निदान दोन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, आणि काम आधी मादीचं, मग त्याचं. त्याच्या विष्ठेची तपासणी करून घ्या. क्रिप्टोस्पोरिडियम हा पोटातला परजीवी निघाला तर त्यावर खात्रीचा इलाज नाही, आणि तुमची मादी त्यात जाईल. तोवर नवऱ्याला थर्मोस्टॅटच्या कामाला लावा. रिकामी उबवणपेटी चालवून बघू दे, रात्रंदिवस तापमान अर्ध्या अंशाच्या आत राहतंय का ते.